गुरुवारची हाक

प्रिय सुजा,

आज गुरुवार. आपल्या शेडमधला हा शेवटचा गुरुवार आहे, म्हणून लिहायला बसलो. दुपारी तुझा गाणारा पोरगा, खिळा, मला न्यायला येणार आहे. तो यायच्या आत तुला एक विचारायचं आहे. इथं कुणाला विचारायला गेलं की "काका, टेन्शन नका घेऊ" एवढंच म्हणतात. टेन्शन काय मी दुकानातून विकत आणतो का?

सकाळपासून गॅसचं बटण बघून झालं, गॅलरीची कडी बघून झाली, पुन्हा गॅस बघून झाला. तुझी आई शेवटी वैतागली. "अहो, किती येरझाऱ्या? फरशी झिजेल! बसा की एका जागी." म्हणून बसलो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, समजून घे. पोरांच्या गाण्याच्या ओळी तपासायचीस तसं हे तपासायला घेऊ नकोस. पहिल्याच ओळीला रिजेक्ट म्हणशील!

विचारायचं ते असं. तुझं शेवटचं गाणं तयार आहे. खिळ्याचा आवाज भरून झालाय, ठोका भरून झालाय, सगळं तुझ्या हातचं. फक्त सुरुवातीची माझी हाक राहिली आहे. ती आपण गुरुवारी भरणार होतो, आणि तू त्याच्या आधीच्या शनिवारी गेलीस. आता पोरं म्हणतात, जुन्या एखाद्या गाण्यातली हाक उचलू आणि इथं चिकटवू. कुणाला कळणार आहे? मला सांग, चालेल का गं?

नाही चालणार. मला माहीत आहे. पण नवी हाक माझ्या घशातून येत नाही, त्याला मी काय करू?

खिळ्यानं सुचवलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडायला गेलो, तर ओरडायलाही आवाज फुटला नाही. नुसता खोकलो. तो बिचारा पाणी घेऊन धावला. "काका, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. म्या आपलं बोललो." महाळुंग्याचा हा अक्षय, अंगानं काडी, म्हणून पोरांनी नाव ठेवलं खिळा. तूच म्हणायचीस, "पप्पा, खिळा बारीक असतो म्हणूनच आत जातो." तुझं सगळं बोलणं असं. ऐकताना मी नाक मुरडायचो, आता दिवसभर तेच डोक्यात फिरतं.

आपलं प्रेस मशीन भंगारात गेलं तो दिवस आठवतो तुला? मी रिटायर झाल्यावर भोसरीत त्या पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याचे पार्ट ठोकून काढायची एक जुनी पॉवर प्रेस टाकली होती. पुढं डोळे साथ देईनात, काम मिळेना, शेवटी ती विकायची ठरली. भंगारवाला टेम्पो घेऊन येणार, त्याच्या आधी तू तुझा तो माईक आणि रेकॉर्डिंगचा डबा घेऊन आलीस. म्हणालीस, "पप्पा, शेवटचं चालवून दाखवा. आवाज घेते."

मी म्हटलं, वेडी झालीस का? प्रेसचा आवाज घेऊन काय लोणचं घालणार?

तरी चालवलं. डायच्या साच्यात पत्रा नव्हता, समोर पत्रा सरकवायला माणूस नव्हता. मी पायडलवर पाय ठेवला आणि तोंडातून आपोआप निघालं, "हात काढ!" मग प्रेस खाली आली. धप्प! तू हसत सुटलीस. "पप्पा, कुणाला सांगताय? समोर कुणीच नाही!"

कुणाला सांगत होतो? सवयीला. मी पोरसवदा असताना कामाला लागलो तेव्हा आमच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल तर हेच. एक माणूस पत्रा सरकवतो, दुसरा पायडल दाबतो. पायडलवाल्यानं दर ठोक्याला ओरडायचं, "हात काढ!" समोरच्यानं हात मागं घेतला की मगच दाबायचं. मी नवीन असताना एकदा आळस केला, म्हटलं आत्ताच तर ओरडलो. मिस्त्रींनी कानाखाली आवाज काढला. म्हणाले, "मागच्या हाकेनं पुढचा हात वाचत नसतो, बाळा. दर ठोक्याची हाक वेगळी." त्यानंतर मी जन्मभर ओरडलो. माझ्यासमोर बसलेल्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही. मोठं घर बांधलं नाही, नाव काढलं नाही, पण हे एक मी सांगू शकतो.

ते ओरडणं तू पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला ठेवलंस. आधी माझा आवाज, मग आपल्या प्रेसचा ठोका, मग खिळा. भंगारात गेलेलं मशीन तुझ्या गाण्यात पुन्हा चालू झालं! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला कळलं ते कटिंगच्या दुकानात. खुर्चीत बसलोय, तोंडाला फेस, आणि मोबाइलवर मीच ओरडलो! मी दचकलो. न्हावी म्हणाला, "काका, हलू नका, वस्तरा आहे. हे गाणं ऐकलं नाही का? भोसरीचीच पोरं आहेत, जबरदस्त!" काय सांगू, ओरडणारा म्हातारा तुझ्या वस्तऱ्याखाली आहे म्हणून?

घरी येऊन तुझ्याशी भांडलो. तू म्हणालीस, "आपण गाणी काढायचं लेबल सुरू केलंय, पप्पा. त्याची सुरुवात तुमच्यापासून आहे."

आणि नाव काय ठेवलंस? गुरुवार रेकॉर्ड्स! का, तर आपल्या गल्लीत गुरुवारी सुट्टी. बाकी दिवस दोन्ही बाजूंचे प्रेस कारखाने धडधडत असतात, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गुरुवारी सगळं बंद. नळ ठिबकला तरी ऐकू येतो. त्या एका दिवसाच्या शांततेत तुमचं सगळं चालायचं. मी केवढा घाबरलो होतो या नावाला! म्हटलं, लोक समजतील आपण भजनं विकतो. आणि झालंच तसं. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दाराशी आल्या, "सुजा, दत्ताच्या आरतीची कॅसेट आहे का गं तुमच्याकडं?" तू त्यांना आत बसवून खिळ्याचं गाणं ऐकवलंस. बाई शेवटपर्यंत बसल्या. जाताना म्हणाल्या, "पोरगं फार चिडलेलं आहे, पण खरं बोलतंय."

कोणतं गाणं होतं ते? वावराचं ना?

"आज्याचं शेत गेटाच्या आत, नातू उभा दारात,
वॉचमन म्हणतो पास दाखव, माझ्याच वावरात!"

हिपहॉप म्हणजे काय हे मला अजून नीट सांगता येत नाही. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर ताल आहे. पण माझे वडील गायन पार्टीत कोरस धरायचे, जयंतीला गावोगाव जायचे. त्यांना हे माझ्याआधी कळलं असतं. ते म्हणायचे, सवालाचं गाणं उभं राहून ऐकायचं असतं. तुझी पोरंही उभी राहूनच ऐकतात. आपल्या शेडमध्ये खुर्ची एकच, ती माझी.

ते गुरुवार मला फार आठवतात, सुजा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, कंपनीतून टाकून दिलेल्या लाकडी पॅलेटांची खोली आत केलेली, त्यात माईक. मला तेव्हा दर वेळी वाटायचं, या गाद्या पेटल्या तर? वायरिंग जुनं आहे. उंदीर झाले तर? मी दारात वाळूची बादली आणून ठेवली. पोरं हसायची. तू नाही हसलीस, तू बादलीवर 'पप्पा' लिहिलंस. अजून आहे ती.

आणि तुझा कान! चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होतीस, गेज लावून पार्ट तपासायचीस, तसंच पोरांच्या ओळी तपासायचीस. ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. खिळा घामाघूम होऊन पॅलेटांच्या खोलीतून बाहेर यायचा.

"ताई, आता तरी पास कर गं!"

"रिवर्क."

"आता काय ऱ्हायलं त्यात?"

"तिसऱ्या ओळीत तू खोटं बोलतोयस. मुंबईच्या पोरासारखं बोलतोयस. महाळुंग्याला असं म्हणतात का?"

"न्हाई म्हणत."

"मग? तुझी आजी कसं म्हणेल?"

"आजी शिव्या देईल, ताई."

"मग दे. पण आजीच्याच दे. इथून माल तपासून बाहेर जातो, भावा. घाई असेल तर दुसरी गल्ली बघ."

ती दुसरी गल्ली कुणी बघितली नाही. लातूरवरून एक पोरगा पाठीला पिशवी लावून आला होता, आठवतो? दोन दिवस आपल्याकडं राहिला, तुझ्या आईनं त्याला डबा बांधून दिला. ताथवड्याच्या कॉलेजची पोरं यायची, पायातले महागडे बूट दाराबाहेर काढून आत बसायची, जसं विहारात बसतात. आणि मग सुरू झालं ते बघून मी थक्क झालो. तुझं बघून दुसऱ्या गावच्या पोरांनीही आपल्या गाण्याआधी घरातल्या माणसाची कामाची हाक लावायला घेतली! कुणी आईची भाजी विकायची आरोळी लावली, कुणी कंडक्टर बापाचं "पुढं सरका, पुढं सरका." एकाचा बाप गवंडी, त्याचं "माल आण रे!" तू मला एकामागून एक ऐकवायचीस आणि मी म्हणायचो, हे काय, गाण्याआधी कामाला लावतात का लोकांना! आतून मात्र मला फार बरं वाटायचं. तुला सांगितलं नाही इतकंच.

बाकीच्यांनी आरोळी एकदा भरून घेतली आणि सगळीकडं तीच लावली. तू तसं केलं नाहीस. तू मला दर गाण्याला नव्यानं उभं करायचीस.

"सुजा, आहे की तुझ्याकडं मागची."

"पप्पा, मागच्या हाकेनं पुढचा हात वाचतो का?"

झालं! माझंच मला. मग खडीसाखरेची डबी पुढं करायचीस, मी एक खडा चघळायचो, दाराजवळच्या माईकपुढं उभा राहायचो. मी शेडमध्ये पाऊल टाकलं की तू रेकॉर्डिंग चालू करून ठेवायचीस आणि मी गेल्यावर बंद करायचीस. म्हणायचीस, "पप्पांचं काही नेम नाही, कधी काय बोलतील." नवं गाणं पहिल्यांदा वाजवायच्या आधी पोरं त्या मोठ्या टेबलावर, ज्यावर मी कधीकाळी डाय ठेवायचो, त्यावर तळहात टेकवायची. माझी हाक आली की सगळे हात एकदम मागं, आणि मग ठोका. पुढं कार्यक्रमांतही तेच सुरू झालं. स्टेजच्या कडेला ही एवढी हातांची रांग! ज्यांनी जन्मात प्रेस बघितली नाही ती पोरंसुद्धा हात टेकवून वाट बघायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एकेक हात मोजायला लागलो. म्हटलं, यातला एक जरी विसरला तर? तू म्हणालीस, "पप्पा, ते लाकूड आहे. वरून काही पडत नाही." मला माहीत होतं. तरी मी सगळे हात मागं गेलेले बघितल्याशिवाय श्वास सोडला नाही.

आता तुझ्यावर रागवायचं आहे, तेवढं ऐकून घे.

तू पहिल्या शिफ्टला निघालीस की मी गॅलरीत येऊन ओरडायचो, "सुजा, सावकाश!" रोज. तू स्कूटर चालू करता करता हात वर करायचीस, कधी खालूनच म्हणायचीस, "हो, हो, सावकाश! सगळी कॉलनी उठवा!" त्या शनिवारी मला रात्री ताप होता. तू आईला म्हणालीस, "झोपू दे त्यांना, उठवू नकोस." का गं? कुणी सांगितलं होतं तुला माझ्या झोपेची काळजी करायला? मी जन्मभर झोपलोच आहे कधी नीट? एक हाक मारून पुन्हा झोपलो असतो की!

कुरुळी फाट्यावर कंटेनर. पुढचं मला सांगितलं ते मी ऐकलं, पण लक्षात ठेवलं नाही. हेल्मेट होतं, म्हणाले. होतं! मग मी आता रागवू कशावर? ते नसतं घातलं तर निदान त्यावर तरी रागावलो असतो.

लोक म्हणतात, हाक मारली असती तरी कंटेनर थांबला नसता. मला कळतं. मी अडाणी आहे, वेडा नाही. पण शुक्रवारची हाक शनिवारी चालत नाही, हे मला मिस्त्रींनी शिकवलं आणि मी तुला शिकवलं. त्या दिवशीची हाक माझ्या घशात तशीच राहिली आहे. ती गिळता येत नाही आणि तिच्यामुळं दुसरी वर येत नाही. डॉक्टरनं घसा बघितला, म्हणाला काही नाही. त्याला काय दिसणार?

आणि त्या दिवसापासून मी मोशीच्या पुढं गेलेलो नाही. खिळ्याच्या बहिणीचं लग्न झालं महाळुंग्यात, तिथंही गेलो नाही. तुझी आई एकटी जाऊन आली. त्या फाट्यावरून जायचं म्हटलं की मी घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवतो.

आता शेडच्या मालकानं, शेठनं, शेड विकली. गाळे पाडून तिथं काहीतरी मोठं होणार आहे. पोरांनी गाद्या उतरवल्या, पॅलेट बांधले. खिळा म्हणतो, "काका, आमच्या गोठ्यात चला समदे. आता जनावरं कुठं हायेत? चारी बाजूंनी कंपन्याच, पण गुरुवारी तिथंबी गप असतंय." गोठा! तुझ्या लेबलला गोठा! तू असतीस तर म्हणाली असतीस, छान, शेणाचा वास गाण्यात उतरेल. मी विचारतो, वायरिंग कसं आहे? पत्रा गळतो का? तिथं वाळूची बादली कोण ठेवणार?

पण शेवटचं गाणं इथंच, या शेडमध्ये पूर्ण करायचं असं त्यांनी ठरवलंय. आणि ते माझ्यावर अडलंय. तू गेल्यापासून गुरुवारचं एकही गाणं बाहेर आलेलं नाही. बाकीची लेबलं पुढं निघाली. परवा मोबाइलवर खिळ्याला कुणीतरी लिहिलेलं त्यानं मला वाचून दाखवलं, "गुरुवार संपला का रे?" वाचून त्यानं मोबाइल उलटा ठेवला.

संपला का गं? माझ्या एका घशापायी?

खाली हॉर्न वाजतोय. आलाच तो. तुझी आई म्हणते, मफलर घ्या. या उन्हात! इथं थांबतो.

*

पुन्हा बसलोय. संध्याकाळ झाली. अक्षर आणखी बिघडणार आहे, तरी आजच लिहितो.

शेड ओळखू येत नव्हती, सुजा. भिंती उघड्या, पत्र्यावर गाद्यांच्या खिळ्यांची भोकं. टेबल तेवढं राहिलं होतं, आणि त्यावर तुझा कॉम्प्युटर. दाराजवळ माईक, माझ्या उंचीला लावलेला. पोरं जमली होती, सगळी आपली. खिळ्यानं खडीसाखरेची डबी पुढं केली. खडे एकमेकांना चिकटले होते, त्यानं चमच्यानं फोडून दिला.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. काही नाही! पुन्हा उघडलं, नुसता वारा. पोरं माना खाली घालून उभी. आणखी एकदा प्रयत्न केला तर असा काही आवाज आला की बाहेरचं कुत्रं उठून बघायला आलं. एक पोरगा हसला, मग मीही हसलो, मग मला हसता येईना.

"काका, ऱ्हाऊ द्या," खिळा म्हणाला. "बसा तुमी. व्हईल कवातरी."

"कधी? शेड उद्या जाणार."

"मग जुनी लावू. ताईला सांगू आमी. ती आमाला रागवंल, तुमाला न्हाई."

मी खुर्चीत बसलो. पोरं म्हणाली, निदान गाणं तरी एकदा ऐकू या, या शेडमध्ये शेवटचं. खिळ्यानं कॉम्प्युटरवर शोधलं. आणि पोरांनी, कुणी सांगितलं नाही, काही नाही, आपापले तळहात टेबलावर टेकवले. सवय! एका रांगेत सगळे हात. त्यातल्या दोघांच्या मधे जागा सोडलेली होती. तुझी जागा. तिथं त्यांनी कुणाला उभं राहू दिलं नव्हतं.

खिळ्याचं बोट बटणाकडं खाली यायला लागलं.

हात टेबलावर आहेत. हाक झालेली नाही. आणि ठोका येतोय! मला दुसरं काही दिसलं नाही, सुजा. मला लाकूड दिसलं नाही, कॉम्प्युटर दिसला नाही. मी खुर्चीतून कधी उठलो तेही मला माहीत नाही.

"सुजाऽ! हात काढ!"

सगळे हात मागं गेले. एकदम. आणि मग आपल्या प्रेसचा ठोका पडला, धप्प! रिकाम्या शेडमध्ये तो असा घुमला की पत्रा थरथरला. पोरं जागच्या जागी उभी. खिळा गाण्यात ओरडत होता आणि खिळा माझ्यासमोर रडत होता.

गाणं संपलं. मी म्हटलं, "अरे, मी ओरडलो ते माईकसमोर नव्हतं. वाया गेलं."

त्यानं डोळे पुसले. "वाया कशाला जातंय? तुमी दारात पाय टाकल्यापास्नं रेकॉर्डिंग चालू हाय. ताईचा रूल हाय तो."

मग त्यानं हळूच विचारलं, "काका, ताईचं नाव आलंय त्यात. ठिवू का काढू?"

तू कधीच कुठल्या गाण्यात स्वतःचं नाव घेऊ दिलं नाहीस. पोरं किती म्हणायची, ताई, एकदा तरी तुझं नाव घेऊ दे ओळीत. तू म्हणायचीस, पार्टवर तपासणाऱ्याचं नाव कुठं असतं? हे मला आठवलं. तू रागवशील असंही वाटलं. तरी मी म्हटलं, "ठेव."

रागवायचं तर रागव. माझ्यासारखं तुलाही रागवायला काहीतरी पाहिजेच की!

ऐकून झाल्यावर मी त्याला विचारलं, "ओके का रिवर्क?" तो नाक ओढत म्हणाला, "काका, हे ताई असती तरी तपासलं नसतं." मग त्यानं 'पप्पा' लिहिलेली ती बादली उचलली आणि सगळ्यात आधी टेम्पोत ठेवली. गोठ्यात पहिली तीच जाणार म्हणे.

तुझ्या आईला मी घरी येऊन सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं आणि म्हणाली, "मग आज आवाज निघाला तर. आता येरझाऱ्या कमी करा." मग मला जवळ बसवून गरम पोळी वाढली. स्वतः जेवली नाही.

घसा दुखतोय. चांगला दुखतोय. पण सुजा, मी लिहिता लिहिता अजून दोनदा गॅस बघून आलो, ते काही सुटणार नाही. काळजीनं मी असाच मरणार. फक्त आता मला एक काम दिलंय पोरांनी. पुढच्या गुरुवारी महाळुंग्याच्या गोठ्यात नव्या पोराचं गाणं आहे, लातूरच्याच त्या. खिळा गाडी घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं नको, मी बसनं येईन, खिडकीत बसून.

माझा शब्द देतो तुला. दर गुरुवारी मी जाईन, दर गाण्याला नवी हाक देईन, जुनी चिकटवू देणार नाही. आणि जाताना कुरुळी फाटा आला की डोळे मिटणार नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढून, जेवढा घसा आहे तेवढ्यानं ओरडीन, "सुजा, सावकाश!" बसमधले लोक दचकतील. कंडक्टर म्हणेल, म्हाताऱ्याला वेड लागलंय.

म्हणू दे. त्या दिवशी राहिलेली आहे ती. आणि खाली रस्त्यावर कुणाची तरी पोरगी पहिल्या शिफ्टला चाललेली असेलच की.

तुला रोज हाक मारणारा,
तुझा पप्पा